डाव्या खांबाजवळचा खड्डा

१

रविवारी सकाळी सात वाजता मारोतरावांनी अशी बोंब ठोकली की मी अर्धी दाढी तशीच ठेवून मैदानावर धावलो. माझं घर मैदानासमोरच, रस्त्यापलीकडे. मंगरूळपीरच्या हॉकी मैदानावर मी अठ्ठावीस वर्षं पंच म्हणून शिट्टी वाजवली. नोकरी भूकरमापकाची होती, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. पंचाचं कामही तेच असल्यामुळे नोकरी आणि हौस यांत मला कधी फारसा फरक वाटला नाही. गावात सगळे मला पंचभाऊच म्हणतात.

त्या दिवशी दुपारी चारला त्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या संघाशी. मैदान ज्या संस्थेचं होतं तिनं ते दुकानांच्या गाळ्यांसाठी देऊन टाकलं होतं. सोमवारी खोदायचं यंत्र येणार होतं आणि आमचा संघ गावाबाहेरच्या एका पडीक तुकड्यावर जाणार होता. लहान गावांच्या संघांचं असंच होतं. मैदान गेलं की वर्षभर पोरं सायकली मारत नव्या जागेवर जातात, मग एकेक करून यायची बंद होतात. मी असे तीन संघ संपताना पाहिलेत.

मारोतराव मैदानाचे राखणदार. सत्तरीला टेकलेला, तिरसट, पण कामाला चोख माणूस. कुंपणालगतच्या खोलीत ते आणि त्यांची बायको मनकर्णाबाई राहायचे. रेषांवर चुन्याची पांढरी फक्की टाकणं, माती दाबणं, गोलाच्या जाळ्या शिवणं, सगळं त्यांच्या हातचं. मी पोचलो तेव्हा ते दर्ग्याकडच्या गोलाजवळ उकिडवे बसले होते.

"भाऊ, पाहा हे. करणी केली कोणंतरी आपल्या गोलावर!"

डाव्या खांबाच्या बाहेर, मागच्या रेषेवर, वीतभर खोल उकरलेलं होतं. उकरलं मारोतरावांनीच. सकाळी फक्की पाहायला आले, तर तिथली माती भुसभुशीत लागली. हात घातला तर एका लहान गाडग्याची खापरं निघाली आणि त्यांवर ताजी हळद, ताजं कुंकू.

"अन् ही रेघ पाहा," मारोतराव म्हणाले. "ही माही रेघ नाई. मी काल संध्याकाळी डब्यानं टाकली होती, चार बोटं रुंद. ही कोणंतरी मागून टाकली."

आठ वाजेपर्यंत निम्मं गाव गोळा झालं. क्लबचे अध्यक्ष इंद्रभान आले, संघाच्या प्रशिक्षक मंजुषाताई आल्या, पोरं आली. दूधवाल्यानं आपणहून सांगून टाकलं की सकाळी सहाला त्यानं आमच्या गोलरक्षकाला, बादलला, त्याच जागी पायानं माती दाबताना पाहिलं होतं.

बादल मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. बावीस वर्षांचा. पहिल्या गाडीनं सरावाला यायचा आणि शेवटच्या गाडीनं परत जायचा. हिवाळ्यात आईबाप ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहायचा. मंगळवारी नागपूरला एका सरकारी खात्याच्या संघाची निवड होती. बादल निवडला गेला तर नोकरी लागणार होती, आणि त्याच्या घरातलं कोणी पुन्हा कोयता घेऊन बाहेरगावी जाणार नव्हतं.

इंद्रभाननं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तू होता का इथं?"

"होतो. माती मी दाबली."

"अन् हे गाडगं?"

बादलनं मान खाली घातली. "बाकी मले काई विचारू नका."

संपलं. मग सगळ्यांनाच सगळं आठवायला लागलं. त्याची आजी रामीबाई झाडपाल्याची औषधं देते, ती आता भगतीण झाली. मालेगाववाले मागच्या महिन्यात त्याच्याशी दोन शब्द बोलले होते, ते आता पैसे चारून फोडणारे झाले. गेल्या वर्षी ज्यानं एकट्यानं आम्हाला चार सामने वाचवून दिले, त्याच्याकडे ज्या नजरेनं माणसं पाहायला लागली ती नजर मी विसरलेलो नाही.

"जादूटोण्याचा कायदा हाय," इंद्रभान म्हणाला. "दोन वाजता ठाण्यात तक्रार देतो. गोलात माह्या बहिणीचा गणेश उभा राहीन."

तक्रार झाली असती तर मंगळवारी नागपूरला बादलला कोणी दारातही उभं केलं नसतं. मी इंद्रभानला म्हणालो, "दोन वाजेपर्यंत थांबतो म्हणाला नं? मंग थांब. तोपर्यंत हा खड्डा माह्याकडं."

"तुमी काय करता पंचभाऊ?"

"मोजतो," मी म्हणालो. दुसरं मला येतं काय?

२

लोकांना हाकललं आणि खड्ड्याजवळ मांडी घातली. करणी करणारा माणूस गाडगं पुरेल तर कुठे? गोलाच्या तोंडात, दोन खांबांच्या मधोमध, जिथे गोलरक्षक उभा राहतो. हे तर खांबाच्या बाहेर होतं, पुरते दीड हात. एवढ्या लांबून कोणती करणी लागते हे मला समजेना.

खड्ड्याचा काठ पाहिला. वरचा भाग मारोतरावांच्या हातांनी उकरलेला, पण खाली जुने घाव होते, अरुंद आणि तिरपे. कुदळीचा घाव रुंद पडतो. हे खुरप्याचं काम होतं. रेघ पाहिली. रांगोळीसारखी चिमटीतून फक्की सोडत नेलेली, बारीक, दोनदा फिरवलेली, जराही न तुटलेली.

गणेशला बोलावलं. गोलरक्षकाच्या जागेचा फायदा त्यालाच होता, म्हणून आधी त्याला.

"काल कोठी होता बे?"

"मालेगावले, निकिताताईकडं, तिच्या सासरी. सकाळच्या आठच्या गाडीनं आलो." त्यानं खिशातून तिकीट काढून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ, मले नाई उभं राहाचं गोलात. मामा बळजबरी करून राह्यला. बादलच्या समोर मी काय हावो?"

त्याचे हात पाहिले. मऊ होते. या पोरानं जन्मात खुरपं धरलं नसेल.

मंजुषाताई जवळच उभ्या होत्या. शाळेत खेळ शिकवतात, स्वतः याच मैदानावर वाढल्या. मैदान जाणार हे कळल्यापासून रडून रडून त्यांचं नाक लाल झालं होतं.

"ताई, लोक आठवण म्हणून मैदानाची माती उकरून नेऊन राह्यले. खरं सांगा, नेली का तुमी?"

"नेली नं. शुक्रवारी, भर दुपारी, साऱ्यायच्या समोर, बरणीभर. मधल्या रेषेवरून." त्या माझ्याकडे रोखून पाहायला लागल्या. "माती नेणं गुन्हा हाय का, भाऊ? जो अथी राह्यला, त्याले वाटतंच नं न्यावी म्हणून."

बादलला बोलावलं. तो येऊन उभा राहिला, हात मागे बांधून, पंचासमोर उभं राहतात तसा.

"बादल, तुले काय माईत हाय?"

"मी शब्द देला हाय, पंचभाऊ."

"कोणाले?"

"ते सांगतलं त शब्द कायचा राह्यला?"

"लेका, मंगळवार हाय तुहा! पुरी जिनगी हाय मंगळवारी!"

त्याचे डोळे भरून आले. पण तो एवढंच म्हणाला, "ज्याचं होतं त्यानं नेलं. कोणाचं नुस्कान नाई केलं. मी त फक्त माती दाबली, सामन्यात कोणाचा पाय मुरगळू नये म्हणून."

नेलं? मी चमकलो. सगळं गाव म्हणत होतं की कोणी पुरलं. खापरं उचलून उन्हाकडे धरली. प्रत्येक खापराच्या आतल्या बाजूला हरळीच्या मुळ्यांचं जाळं घट्ट चिकटलेलं होतं. फुटलेल्या कडांमध्येही जुनी काळी माती मुरलेली होती. काल पुरलेल्या गाडग्यात हरळीच्या मुळ्या वाढत नाहीत. त्याला पंधरा-वीस पावसाळे लागतात.

मारोतराव, इंद्रभान, सगळं गाव उलटं पाहत होतं. त्या पहाटे कोणी काही पुरलंच नव्हतं. वर्षानुवर्षं पुरलेलं कोणीतरी काढून नेलं होतं.

३

घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या. बायको म्हणाली, आधी उरलेली दाढी तरी करा. म्हटलं, राहू दे.

दोन हजार तीन साली आमचं मैदान मापात कमी पडतं म्हणून दर्ग्याच्या बाजूला वाढवलं होतं, आणि ती मोजणी मीच केली होती. माझ्या हातचा कच्चा नकाशा वहीत होता. तिथे त्या वेळी एक मातीची खोली होती, ती पाडून राखणदाराला कुंपणालगत नवी खोली दिली. हद्दीच्या दगडापासून अंतरं लिहिलेली होती. टेप घेऊन परत आलो, दगडापासून खड्ड्यापर्यंत मोजलं. दोनदा मोजलं. खड्डा बरोबर त्या पाडलेल्या खोलीच्या दारात येत होता, उंबऱ्याच्या उजव्या हाताला.

पस्तीस वर्षं गावोगाव घरांच्या जागा मोजल्या. उंबऱ्याजवळ खुंटी ठोकायला गेलो की घरातून एखादी बाई हमखास ओरडत धावत यायची, अथी ठोकू नका, अथी माह्या लेकराची नाळ हाय! बाळंतपण घरात झालं की दाई नाळ एका लहान गाडग्यात घालायची, हळदकुंकू वाहायची आणि उंबऱ्याशी पुरायची. जागा फक्त दाईला आणि आईला माहीत. बापाला सांगायची पद्धत नव्हती. नव्या पोरांना शिकवताना मी आधी हेच सांगायचो, की खुंटी उंबऱ्यापासून दोन हात लांब ठोका.

त्या खोलीत एकच मूल जन्मलं होतं. हरीओम, मारोतराव आणि मनकर्णाबाईंचा एकुलता एक मुलगा.

आता मी हे सांगितलंच पाहिजे, कारण इथून पुढे मी नुसता शोधणारा राहिलो नाही.

हरीओम आमचा गोलरक्षक होता. बादलच्या आधीचा. सात वर्षांपूर्वी, याच दर्ग्याकडच्या गोलात, शेवटच्या मिनिटाला मालेगावच्या एकानं चेंडू मारला आणि तो जाळीत दिसला. मी गोल दिला. हरीओम माझ्या अंगावर धावून आला, "पंचभाऊ, चेंडू बाहेरून आला, बाजूची जाळी फाटली हाय!" मी लांब होतो, उन्हात होतो, आणि शिट्टी वाजवून बसलो होतो. मारोतराव मैदानात आले. जाळी त्यांच्या हातची होती. त्यांनी भरल्या मैदानात मुलाच्या थोबाडीत मारली. "माही जाळी फाटली म्हणतो? सामना विकला काय तू?" लोकांनी तेवढंच उचललं. हरीओमनं पॅड सोडले, गोलाच्या रेषेवर ठेवले, आणि अनवाणी बसस्टँडकडे गेला. तो परत आला नाही. कोणी सुरत म्हणतं, कोणी पुणे. त्या दिवसापासून मारोतराव त्याचं नाव घेत नाहीत आणि मनकर्णाबाईंनाही घेऊ देत नाहीत.

लोक गेल्यावर मी त्या जाळीपाशी गेलो होतो. खांबाच्या मागे, खालच्या बाजूला भोक होतं. माझी मूठ आरपार गेली. हरीओम खरं बोलत होता. निकाल लागला होता, मालेगावची पोरं गुलाल उधळत निघून गेली होती, आणि माझ्या शिट्टीवर तोवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी सुतळीच्या दोन गाठी मारून ते भोक बंद केलं आणि घरी येऊन जेवलो. सात वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

४

एक वाजला होता. मारोतराव पाण्याचा पाइप ओढत बाजाराकडच्या गोलापाशी गेले तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. चुलीजवळच्या कोनाड्यात एक नवं गाडगं होतं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. मी त्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात परातीत थांबला.

"वहिनी," मी म्हणालो, "नाळ होती नं?"

तव्यावरची भाकरी करपली, ती त्यांनी बाजूला काढली.

"काईच नव्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली. काय राह्यते? गाडगं फुटून गेलं होतं. मंग आतली माती घेतली ओंजळभर."

"काहून काढलं?"

"उद्या मशीन येनार. कोठी नेऊन फेकतीन ते ही माती, कोणाले माईत? ज्याची नाळ जथी, त्याचा पाय तथी वळते म्हन्तेत. तो आला अन् अथी दुकानं दिसली, त कोठी येईन तो?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "खापरं राह्यली. अंधुक होतं, दिसली नाई. धरतीमायले हळदकुंकू वाह्यलं, माफी मागतली. बादल आला तेवढ्यात. त्यानं माती भरायले मदत केली, रेघ म्या चिमटीनं परत टाकली. रोज माह्या हातची भाकर खाते तो. म्या त्याले म्हटलं, कोणाले सांगू नको. नाळेची जागा चार तोंडी झाली त लेकरू भटकते."

"अन् आता बादल?"

यावर त्या मोठ्यानं रडायला लागल्या. "सकाळपासून तेच करून राह्यली मी, भाऊ! बोललं त माहा जाते, नाई बोललं त तिचा जाते, त्या रामीबाईचा. तुमीच सांगा, कोणाच्या लेकराले धरू?"

ही बाई सकाळपासून एकटी या पेचात होती, बाहेर तिचाच नवरा करणी करणी म्हणून ओरडत होता, आणि मी खापरं मोजत बसलो होतो. मला माझी लाज वाटली.

"वहिनी, तुमचा हरीओम नाळेपायी नाई भटकत," मी म्हणालो. "माह्यापायी भटकून राह्यला."

आणि मी त्यांना जाळीचं सगळं सांगितलं. भोक, मूठ, सुतळी, सगळं. त्यांनी मला मधे अडवलं नाही, शिवी दिली नाही. झाल्यावर फक्त विचारलं, "म्हंजे त्या दिवशी खरं बोलला होता तो?"

"खरं बोलला होता."

"बापानं खरं बोलल्याचं मारलं त्याले?"

मी होय म्हणून मान हलवली. त्या उठल्या. पिठाचे हात तसेच, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याआधी दाराबाहेर पडल्या. बाहेर इंद्रभानची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज येत होता.

५

"थांब रे, इंद्रभान!"

मनकर्णाबाईंचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मैदानावर शंभरेक माणूस होतं. मालेगावचा संघही येऊन पोचला होता. बादल सावलीला एकटाच बसला होता, त्याच्या आजूबाजूला दहा हात जागा रिकामी. मारोतराव पाइप टाकून धावत आले.

"म्या खणलं ते," त्या म्हणाल्या. "करणी नाई काई नाई. माह्या हरीओमची नाळ होती तथी. आपल्या जुन्या खोलीच्या उंबऱ्यात. बादलनं मले माती भरायले मदत केली, अन् म्या गप राह्य म्हटलं म्हणून गप राह्यला."

इंद्रभाननं माझ्याकडे पाहिलं. मी खापरं पुढे केली, मुळ्या दाखवल्या, खुरप्याचे घाव आणि चिमटीनं टाकलेली रेघ दाखवली, वहीतला नकाशा उघडला. एका ओळीत सांगितलं की गाडगं वीस वर्षांच्या वर जमिनीत होतं, जागा जुन्या दाराची आहे, आणि जुन्या दारात कोणाची नाळ असते हे इथल्या प्रत्येकाच्या आईला माहीत आहे. इंद्रभाननं गाडीची किल्ली काढून घेतली.

मारोतरावांचा चेहरा लाल झाला होता. सात वर्षांनी त्यांच्यासमोर कोणी ते नाव घेतलं होतं. "त्याचं नाव काहून काढलं तू?" ते बायकोवर ओरडले. "त्या सामना विकणाऱ्याचं..."

"त्यानं विकला नाई, मारोतराव," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते जास्त अवघड गेलं, कारण समोर मालेगावचे तेव्हाचे तीन खेळाडूही होते आणि ज्यांच्यासाठी मी अठ्ठावीस वर्षं नियम म्हणजे नियम म्हणत आलो ती सगळी पोरं होती. पण सांगितलं. गोल चुकीचा होता. जाळी फाटलेली होती. हरीओमनं पाहिलं ते खरं होतं, आणि मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं.

मारोतराव माझ्या अंगावर येतील असं वाटलं. आले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग हळूहळू खाली बसले, तिथेच मातीत.

"जाळी माही होती," ते म्हणाले. "म्या शिवली होती. पोट्टं खरं बोलून राह्यलं होतं, अन् म्या..." मनकर्णाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. दोघं म्हातारे त्या ओल्या मातीत रडत होते आणि आम्ही शंभर माणसं भोवती नुसती उभी होतो.

मी शिट्टी गळ्यातून काढून मंजुषाताईंकडे दिली. त्या दिवशी मी सामना चालवला नाही.

६

सामना झाला. बादलच गोलात उभा राहिला. इंद्रभाननं त्याच्या पाठीवर थाप मारली, पोरं गळ्यात पडली, गणेशनं त्याला पॅड बांधून दिले. आणि खेळला कसा तो! दोन वेळा त्यानं अंग टाकून चेंडू अडवला तेव्हा मालेगावच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. आम्ही एका गोलानं जिंकलो. त्या मैदानाला शेवटचा निकाल तरी खरा मिळाला. लोकांनी बादलला खांद्यावर घेतलं. तो वर बसून हसत होता, पण मला त्याचं हसू काही ठीक वाटलं नाही.

सहाच्या गाडीला मी त्याला सोडायला गेलो. मनकर्णाबाईही फडक्यात भाकरी बांधून आल्या होत्या. बसस्टँडवर तो माझ्या पाया पडायला वाकला, मी मधेच धरलं.

"मंगळवारी नागपूर, मंग गुरुवारी नव्या जागेवर सराव," मी म्हणालो. "वेळेवर येजो."

"मी नाई येत आता, पंचभाऊ."

"काहून? झालं नं सारं निस्तरून?"

"झालं." त्यानं पिशवी खांद्यावर नीट केली. रागानं बोलत नव्हता, त्यामुळे मला ते जास्त लागलं. "तुमी नसते त मी गेलो होतो कामातून. पण मले एक सांगा. चार वर्षं खेळलो मी तुमच्यासाठी. सकाळी खापरं निघाली, अन् एकानंही नाई म्हटलं की हा बादल हाय, हा असं नाई करत. तांड्यावरचा म्हटलं की झालं. आज माह्या बाजूनं मनकर्णामाय होती, तुमची वही होती. पुढच्या बारीले नसली त?"

सकाळी मीसुद्धा त्याला विचारलं होतं की तुला काय माहीत आहे. हा असं करणार नाही, हे वाक्य माझ्याही तोंडून निघालं नव्हतं. मला मोजायचं सुचलं, बोलायचं सुचलं नाही.

त्यानं मनकर्णाबाईंच्या हातून भाकरी घेतली, त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडीत चढला. निवड झाली की नागपूरलाच राहीन म्हणाला, नाही झाली तर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाईन. कंडक्टरनं घंटी मारली.

मनकर्णाबाईंनी माझी बाही धरली. "भाऊ, ह्याले तरी थांबवा नं," त्या म्हणाल्या. "ह्याले तरी."

मी गाडीमागे चार पावलं धावलो. साठी उलटलेला माणूस किती धावणार? हाक मारली, पण काय म्हणून थांबवायचं ते मला सुचलं नाही आणि नुसतंच त्याचं नाव दोनदा घेतलं. त्यानं खिडकीतून वळून पाहिलं, हात केला. गाडी तोवर मानोऱ्याच्या रस्त्याला लागली होती.